कोड बरोबर, फाइल चुकीची: चुकीच्या स्वरूपात सेव्ह झालेल्या स्क्रिप्टमधील दोष कसा शोधावा

मुंबईत संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रोग्राम बहुधा दोनदा जन्माला येतो. पहिल्यांदा तो लॅबमध्ये लिहिला जातो आणि तेथे चालतो. दुसऱ्यांदा तो प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी वर्डमध्ये चिकटवला जातो, त्याच्या डोक्यावर उद्दिष्ट आणि दिनांक चढतो, पायाशी आउटपुटचे चित्र लागते आणि कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याची प्रत निघते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मूळ फाइल कोणाच्याच पेन ड्राइव्हवर सापडत नाही, तेव्हा तोच प्रोग्राम जर्नलच्या वर्ड फाइलमधून उचलून पुन्हा चालवला जातो आणि पहिल्याच ओळीवर एरर येते. दादरच्या एका शिकवणीवर्गात पायथन शिकवत असताना, “सर, एक अक्षरही बदललेलं नाही,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, आता मी कोड न वाचता आधी फाइल कोठून आली ते विचारतो.

विद्यार्थी खोटे बोलत नसतो. पडद्यावर दिसणारी अक्षरे तीच असतात. परंतु इंटरप्रिटर किंवा कंपायलर पडदा पाहत नाही, तो फाइलमधील बाइट वाचतो आणि एकच अक्षर वेगवेगळ्या बाइटनी लिहिता येते. म्हणून ज्या कोडमध्ये डोळ्यांना काहीच चूक दिसत नाही आणि जो काल दुसऱ्या संगणकावर चालत होता, त्याच्या तर्कात दोष शोधत बसण्यापूर्वी फाइलचे नाव, तिचा खरा प्रकार, तिचे एन्कोडिंग (कोणत्या अक्षरासाठी कोणते बाइट लिहायचे ते ठरवणारा तक्ता) आणि तिच्या ओळींचे शेवट ही चार ठिकाणे तपासावीत. पुढे आज्ञा, एक्स्टेन्शन आणि एररचे संदेश देवनागरीत दिले आहेत. टंकताना आज्ञा अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या आहेत.

तपासणीला हात घालण्याआधी बिघडलेल्या फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि ती उघडूही नये. हा आग्रह कागदी वाटेल, पण चुकीच्या एन्कोडिंगमध्ये उघडलेली फाइल सवयीने सेव्ह केली, तर तोपर्यंत केवळ दिसण्यापुरता असलेला बिघाड बाइटमध्ये उतरतो आणि मग मूळ मजकूर परत मिळवणे कठीण, कधी कधी अशक्य होते.

नावापासून सुरुवात

विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन मुळातच लपवून ठेवते. नोटपॅडमध्ये लिहिलेला प्रोग्राम ‘बेरीज डॉट पीवाय’ या नावाने सेव्ह करताना खालच्या चौकटीतला प्रकार ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ असाच राहिला, तर फाइलचे खरे नाव ‘बेरीज डॉट पीवाय डॉट टीएक्सटी’ होते आणि फोल्डरमध्ये मात्र शेवटचे टीएक्सटी दिसत नाही. मग पायथन ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे सांगते आणि फाइल तर समोर दिसत असते. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो’ आणि त्याखाली ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय निवडला की खरी नावे दिसू लागतात. विंडोज १० मध्ये तीच खूण ‘व्ह्यू’ टॅबवर आहे. हा पर्याय कायमचा चालू ठेवावा. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडावा किंवा संपूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत टंकावे.

सी आणि सी प्लस प्लसच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक्स्टेन्शन असते, पण भलतेच असते. ‘सी’ एक्स्टेन्शनच्या फाइलमध्ये सी प्लस प्लसचा प्रोग्राम लिहून जीसीसीला दिला, तर ‘आयओस्ट्रीम’ सापडत नाही, अशी तक्रार येते; हेडर संगणकावर असतेच, कंपायलरने फाइलच्या नावावरून भाषा चुकीची ठरवलेली असते. जावामध्ये पब्लिक क्लासचे नाव आणि फाइलचे नाव लहान-मोठ्या अक्षरांसकट एक असावे लागते.

नाव एक, आत भलतेच

एक्स्टेन्शन बदलल्याने फाइलचा प्रकार बदलत नाही. वर्डची डॉक्स फाइल ही वस्तुतः झिप फाइल असते आणि तिचे पहिले दोन बाइट ‘पीके’ ही अक्षरे असतात. झिप स्वरूपाचा कर्ता फिल कॅट्झ याची ती आद्याक्षरे आहेत. अशा फाइलला नुसते पीवाय हे एक्स्टेन्शन लावून चालवले, तर गंमत अशी की सिंटॅक्स एरर येत नाही. पायथनला झिप फाइल चालवता येते, त्यामुळे ते तिच्यात ‘मेन’ नावाचे मॉड्यूल शोधते आणि ते सापडत नाही, अशी तक्रार करते. प्रोग्राममध्ये कोठेही न लिहिलेल्या मॉड्यूलची ही तक्रार दिसली की, हातात वर्डची फाइल आहे, असे बहुतेक वेळा धरून चालावे. मॅकवरील टेक्स्टएडिट नवीन फाइल मुळात आरटीएफ स्वरूपात बनवते. तिच्या सुरुवातीला महिरपी कंस, उलटी तिरपी रेघ आणि ‘आरटीएफ१’ ही अक्षरे असतात, आणि पायथन त्या तिरप्या रेघेनंतर अनपेक्षित अक्षर आले, असे सांगते. टेक्स्टएडिटच्या ‘फॉरमॅट’ मेनूतून ‘मेक प्लेन टेक्स्ट’ निवडावे.

गुगल कोलॅबवर काम करणाऱ्यांकडून हमखास येणारी चूक म्हणजे ‘नल’ हे नाव परिभाषित नाही, अशी नेम एरर. नोटबुकची फाइल आतून जेसन, म्हणजे माहिती मजकुराच्या रूपात साठवण्याचे एक स्वरूप, असते आणि जेसनमध्ये ‘नल’ हा शब्द येतो. तिचे नाव बदलून पीवाय केले की पायथन ते जेसनच कोड समजून वाचते आणि त्या शब्दाला अडखळते. कोलॅबच्या ‘फाइल’ मेनूतील ‘डाउनलोड’मध्ये पीवाय स्वरूपाचा वेगळा पर्याय आहे, तो वापरावा. वेबपानावरील कोड पाहून ब्राउझरचे ‘सेव्ह ॲज’ दाबले, तर कोडऐवजी संपूर्ण पान एचटीएमएल स्वरूपात उतरते. पहिल्या ओळीत ‘डॉकटाइप’ दिसले की कारण स्पष्ट होते.

लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये ‘फाइल’ ही आज्ञा आणि पुढे फाइलचे नाव दिले की, ती एक्स्टेन्शनकडे न पाहता आतल्या बाइटवरून प्रकार सांगते आणि बहुधा एन्कोडिंग व ओळींचे शेवटही सांगते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘फॉरमॅट-हेक्स’ ही आज्ञा बाइट दाखवते. दोन्ही हाताशी नसतील, तर पायथनमध्येच ‘ओपन’ला ‘आरबी’ हा मोड देऊन पहिले चाळीस बाइट वाचून छापावेत. मला हा शेवटचा मार्ग सर्वांत आवडतो, कारण कोणत्याही लॅबमध्ये वेगळे काही बसवण्याची परवानगी मागावी लागत नाही.

वर्डची अवतरणचिन्हे

जर्नलमधून उचललेल्या कोडचा मुख्य आजार हाच. वर्डमधील ऑटोकरेक्ट सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करते, लागोपाठच्या दोन वजाच्या खुणांची एक लांब रेघ करते आणि वाक्याचे पहिले अक्षर मोठे करते. त्यामुळे ‘प्रिंट’चा ‘पी’ मोठा होतो आणि असे नाव परिभाषित नाही, अशी एरर येते. आयफोनच्या कीबोर्डवरील ‘स्मार्ट पंक्चुएशन’ हेच उद्योग करते, म्हणून फोनवर टंकून पाठवलेला कोडही संशयास पात्र धरावा.

येथे एररचा संदेश नीट वाचल्यास कोडने केलेला प्रवास कळतो. पायथनने ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर’ म्हणून युनिकोड (सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी) मधील २०१सी हा क्रमांक दाखवला, तर वर्डमधील मजकूर कॉपी करून यूटीएफ-८ (युनिकोडची अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) वापरणाऱ्या एडिटरमध्ये चिकटवला गेला आहे. तेच पायथन ‘नॉन-यूटीएफ-८ कोड’ असे म्हणून ९३ हा (षोडशमान पद्धतीत लिहिलेला) बाइट दाखवत असेल, तर मजकूर वर्डमधूनच प्लेन टेक्स्ट म्हणून विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाला आहे, कारण विंडोज-१२५२ या तक्त्यात डाव्या वळणदार अवतरणचिन्हाची जागा ९३ ही आहे. पहिल्या प्रसंगी एडिटरच्या ‘फाइंड अँड रिप्लेस’ने चिन्हे बदलणे पुरेसे होते. दुसऱ्या प्रसंगी फाइल आधी विंडोज-१२५२ म्हणून उघडावी, चिन्हे बदलावीत आणि मग यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करावी. संपूर्ण प्रोग्राम पुन्हा टंकत बसू नये. त्यात नव्या चुका शिरतात आणि जुनी का झाली हे कळत नाही.

एक चिवट पाहुणा राहतो: न तुटणारी मोकळी जागा, युनिकोड ००ए०. वेबपानावरून किंवा वर्डमधून आलेली ही जागा साध्या स्पेससारखीच दिसते, आणि इंडेंटेशन अगदी सरळ रेषेत असूनही पायथन अदृश्य अक्षराची तक्रार करते. व्हीएस कोड अशा अक्षरांभोवती चौकट काढून ती दाखवते.

मुंबई अडते, दादर निसटते

एन्कोडिंगचा घोळ मराठीत काम करणाऱ्यांना सर्वाधिक छळतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, उकार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. इंग्रजी सेटिंगच्या विंडोजवर पायथनच्या ‘ओपन’ला एन्कोडिंग सांगितले नाही, तर आजवरच्या प्रचलित आवृत्त्या फाइल विंडोज-१२५२ समजून वाचतात. या तक्त्यात ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत. योगायोग असा की उकाराचा, म्हणजे पहिल्या उकाराचा, शेवटचा बाइट ८१ आहे आणि हलन्ताचा ८डी.

याचा अर्थ काय होतो, ते मध्य रेल्वेच्या स्थानकांवरून पाहता येईल. एका टेक्स्ट फाइलमध्ये पहिल्या ओळीवर दादर आणि दुसऱ्या ओळीवर कुर्ला लिहून ती विंडोजवर यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करावी आणि एन्कोडिंग न सांगता वाचावी. ‘दादर’चे बारा बाइट निर्धोक पार पडतात, ओळ संपल्याच्या खुणेचे दोन जातात, ‘क’चे तीन जातात, आणि त्याच्या उकाराशी, शून्यापासून मोजल्यास एकोणिसाव्या स्थानी, ‘चारमॅप कोडेक कान्ट डिकोड बाइट’ ही युनिकोड डिकोड एरर येते. मुंबई आणि मुलुंड उकारापाशी अडतात, कल्याण जोडाक्षरापाशी अडते. घाटकोपर आणि ठाणे मात्र दादरसारखीच निमूट निघून जातात.

ही निमूट जाणारी नावेच अधिक धोक्याची. त्यांच्यासाठी एरर येत नाही, पण वाचलेला मजकूर कचरा असतो: प्रत्येक चिन्हाच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला लहान रोमन ‘ए’, मग चलनाची एक खूण किंवा जपानी येनचे चिन्ह, आणि मग आणखी काहीतरी. फक्त दादर आणि ठाण्याच्या नावांवर चाचणी घेतलेला प्रोग्राम ‘चालतो’ असे ठरते आणि कुर्ल्याचा पहिला ग्राहक येईपर्यंत कोणाला काही कळत नाही. उपाय एका शब्दाचा आहे: मजकुराची फाइल वाचताना आणि लिहिताना ‘ओपन’ला एन्कोडिंग यूटीएफ-८ असे प्रत्येक वेळी स्पष्ट सांगावे. चाचणीच्या नोंदींत एक उकार आणि एक जोडाक्षर मुद्दाम ठेवावे.

मजकूर बिघडलेला दिसत असेल, तर बिघाड कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखावे. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा वर दिल्यासारखा गोंधळ असेल, तर बाइट बहुधा शाबूत आहेत आणि केवळ वाचन चुकले आहे. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीवर उजवीकडे एन्कोडिंगचे नाव असते. त्यावर क्लिक केल्यावर दोन पर्याय येतात, आणि या दोहोंतला फरक न कळल्यामुळे जितक्या फाइल वाया जातात तितक्या क्वचितच दुसऱ्या कशामुळे जात असतील. ‘रीओपन विथ एन्कोडिंग’ तेच बाइट नव्या तक्त्याने वाचते. ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ दिसत असलेला मजकूर नव्या बाइटमध्ये लिहिते. कचरा दिसत असताना पहिलाच पर्याय निवडायचा असतो. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे असतील, तर मात्र गोष्ट संपलेली असते. एक्सेलमध्ये मराठी यादी साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात सेव्ह केली की असे होते: ज्या अक्षरांना जुन्या तक्त्यात जागा नाही, त्यांच्याऐवजी खरोखरच प्रश्नचिन्हाचा बाइट लिहिला जातो. मूळ एक्सेल फाइल शोधून ती ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात पुन्हा सेव्ह करण्यावाचून इलाज नाही.

जुन्या डीटीपी फाँटमध्ये टंकलेला मजकूर हे वेगळेच प्रकरण आहे. लग्नपत्रिका आणि अहवाल छापणाऱ्या दुकानांतून आलेल्या अशा फाइलमध्ये देवनागरी नसतेच. साध्या रोमन बाइटना फाँट देवनागरीचे रूप देतो. तेथे एन्कोडिंग बदलून काही साधत नाही, त्या फाँटसाठी बनवलेला युनिकोड कन्व्हर्टरच लागतो.

सुरुवातीचे तीन बाइट

काही एडिटर यूटीएफ-८ फाइलच्या आरंभी ईएफ, बीबी, बीएफ असे तीन बाइट लिहितात. त्यांना बॉम म्हणतात. पायथनला स्वतःच्या स्क्रिप्टमधील बॉम चालतो. लिनक्सच्या शेल स्क्रिप्टला तो चालत नाही, कारण हॅश आणि उद्गारचिन्ह हे अगदी पहिले दोन बाइट असावे लागतात. पीएचपीमध्ये हे तीन बाइट आउटपुट म्हणून आधीच बाहेर पडतात आणि ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ ही तक्रार येते. पायथनचे जेसन वाचणारे मॉड्यूल तर बॉमचे नाव घेऊन ‘यूटीएफ-८-सिग’ वापरा, असे स्वतःच सुचवते. यावरून बॉम सरसकट काढून टाकावा, असा नियम मात्र करू नये. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ च्या स्क्रिप्टमध्ये मराठी मजकूर असेल, तर बॉम लागतो. तो नसला तर पॉवरशेल त्या फाइलला जुन्या एन्कोडिंगची समजते. एक्सेलला सीएसव्हीतील मराठी नीट ओळखता यावी म्हणूनही बॉम उपयोगी पडतो.

याच पॉवरशेल ५.१ मध्ये ‘मोठे आहे’ या चिन्हाने एखाद्या आज्ञेचे आउटपुट फाइलमध्ये वळवले, तर ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये बनते. अशा रीतीने तयार केलेली पायथनची फाइल चालवल्यास पहिलाच बाइट एफएफ असल्याची तक्रार येते. तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘सेव्ह ॲज’मधून यूटीएफ-८ निवडावे. विंडोज १० च्या २०१९ मधील १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाइल मुळातच बॉमविना यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करते. त्याआधीच्या विंडोजवर तेथे ‘अँसी’, म्हणजे विंडोजचे जुने एन्कोडिंग, असते. लॅबमधील जुन्या संगणकावर काम करताना हे तपासून घ्यावे.

ओळीचा शेवट

विंडोजवर ओळ संपताना दोन बाइट लिहिले जातात, दशमान पद्धतीत १३ आणि १०. लिनक्सवर आणि आजच्या मॅकवर फक्त १०. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सच्या सर्व्हरवर चढवली की, पहिल्या ओळीतील इंटरप्रिटरच्या नावाला १३ हा अदृश्य बाइट चिकटतो, त्या नावाचा प्रोग्राम सर्व्हरवर नसतो आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ ही एरर येते. संदेशात कॅरेटच्या चिन्हापुढे मोठा ‘एम’ दिसला, तर दुसरे काही शोधू नये. ‘डॉसटूयुनिक्स’ ही आज्ञा फाइल दुरुस्त करते. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीवर ‘सीआरएलएफ’वर क्लिक करून ‘एलएफ’ निवडता येते. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘एडिट’ मेनूत ‘ईओएल कन्व्हर्जन’ आहे. काम गिटमध्ये असेल, तर रिपॉझिटरीतील ‘गिटॲट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी ‘ईओएल’ची किंमत ‘एलएफ’ अशी एकदाच लिहून ठेवावी.

मराठी कीबोर्ड चालू राहिला तर

हा दोष सेव्ह करण्याच्या स्वरूपाचा नाही, पण लक्षणे तीच असतात. मराठी कीबोर्ड बंद करायचा राहून कोडमध्ये देवनागरी अंक टंकले गेले, तर पायथन ‘१’ला युनिकोड ०९६७ हे अवैध अक्षर म्हणते. वापरकर्त्याने इनपुट म्हणून दिलेले ‘१२३’ मात्र ‘इंट’ आनंदाने स्वीकारते आणि एकशे तेवीस करून देते. दुसरी अडचण ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांतील अर्ध्या ‘र’ची. तो ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहिता येतो, तसाच ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक अशा तीन चिन्हांनीही लिहिता येतो. दोन्ही शब्द एकसारखे दिसतात, तुलना मात्र असत्य येते, आणि युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने हा फरक मिटत नाही. मराठी नावे शोधणारा प्रोग्राम लिहिताना असे शब्द तुलनेपूर्वी स्वतःच्या नियमाने एका रूपात आणावे लागतात.

जर्नलच्या बाबतीत इतके करावे. वर्डमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘प्रूफिंग’, ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’ या वाटेने जाऊन ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ या पानावरील सरळ अवतरणचिन्हे बदलण्याची आणि रेघा जोडण्याची खूण काढावी. वाक्याचे पहिले अक्षर मोठे करण्याची खूण शेजारच्या ‘ऑटोकरेक्ट’ पानावर असते. मूळ फाइल पीवाय, सी किंवा जावा स्वरूपातच, जर्नलच्या वर्ड फाइलशेजारी त्याच फोल्डरमध्ये ठेवावी आणि दोहोंना प्रॅक्टिकलचा एकच क्रमांक द्यावा, म्हणजे तोंडी परीक्षेच्या सकाळी वर्डमधून कोड उचलण्याची वेळ येणार नाही.